केसरबाईनं सांगितलेलं वय

केसरबाई सरवदेला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण सोलापूरच्या भवानी पेठेतल्या निम्म्याअधिक पोरांचं वय तिला तोंडपाठ होतं. कोण कुठल्या सणाच्या तोंडावर झालं, कुणाच्या वेळी नळ गेले होते, कोण पायाळू, कुणाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, सगळं ती काल घडल्यासारखं सांगायची. ती सुईण होती. नवरा कुर्डुवाडीपुढच्या केम स्टेशनावर रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामाला होता, तो विषमज्वरानं गेला तेव्हा केसरबाई पंचविशीचीही नव्हती. पदरात मूल नाही. थोरल्या बहिणीनं, भीमाबाईनं, तिला सोलापुरात आणलं आणि आपल्याबरोबर बाळंतपणाला न्यायला लागली. बहीण मागं सरली, तशी पेठ केसरबाईला बोलवायला लागली.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली बाई. पेठ लिंगायतांची, कोष्ट्यांची, लहानसहान दुकानदारांची. कळा सुरू झाल्या की तिला माजघरापर्यंत न्यायचे, तिचा हात धरून सासवा रडायच्या, तेव्हा जात कुणाला आठवायची नाही. पोर रडलं, वार पडली, सगळं निभावलं की मग आठवायची. मग तिचा चहा मागच्या पायरीवर यायचा, कान तुटलेल्या कपात. तो कप बाहेरच्या कोनाड्यात तिच्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा. केसरबाई तो विसळून जागेवर ठेवायची आणि घरी जायची. हे असं वीसेक वर्षं चाललं होतं.

मल्लव्वाचं पहिलं बाळंतपण तिला कधीच विसरता आलं नाही. मल्लव्वाचा नवरा गुरप्पा हातमागाच्या कारखान्यात विणकर होता. दोन दिवस पोरगी कळा देत होती. जेठाच्या अवसेला घरोघर मातीचे बैल पुजले होते आणि या घरात सासू म्हणत होती, आज नको, आज होऊ देऊ नको. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाची सुटका झाली. पोर निळी पडलेली. केसरबाईनं तिच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाय धरून उलटी केली, पाठीवर चापट्या मारल्या, शेवटी तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. बाहेर ओट्यावर कुणीतरी मोठ्यानं पेपर वाचत होतं, धरण फुटून पुणं बुडाल्याचं. बायामाणसं ‘शिव शिव’ करत होती. त्या कालव्यातच पोरीनं पहिला टाहो फोडला.

गुरप्पानं दारातून विचारलं, “काय झालं?”

“पोरगी. लई दमाची हाय,” केसरबाई हसून म्हणाली.

गुरप्पा पेपर ऐकायला परत गेला. पोरीचं नाव दाक्षायणी ठेवलं. म्युन्सिपाल्टीत जाऊन तिची नोंद करावी असं कुणाच्या मनात आलं नाही, केसरबाईच्याही नाही. नंतर आणखी दोन मुली झाल्या, त्याही केसरबाईच्याच हातावर. दाक्षी शाळेत गेली नाही. सहाव्या वर्षापासून आईबरोबर कांड्या भरायला बसली. मागाला लागणारं सूत चरख्यावर कांडीला गुंडाळायचं, दिवसभर, पाठ मोडेस्तोवर. अंगानं मात्र उफाड्याची निघाली. बाराव्या वर्षी आईच्या खांद्याला लागली.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पण पेठेचे दिवस सुधारले नाहीत. सूत मिळेना. माग चार दिवस चालायचे, दहा दिवस बंद पडायचे. त्याच दिवसांत सोमलिंग नावाचा माणूस पेठेत दिसायला लागला. मूळचा अक्कलकोटकडचा, पांढरंस्वच्छ धोतर, कपाळावर भस्म, कानडी असं गोड बोलायचा की म्हाताऱ्या बाया त्याला पाट द्यायच्या. तो लांबची स्थळं आणायचा. हुंडा नको, मानपान नको, मुलीच्या अंगावर एक लुगडं असलं तरी बस. उलट मुलाकडचेच काहीतरी देऊन जायचे. कुणाच्या घरावर नवे पत्रे चढले, कुणाच्या दारात म्हैस आली. लग्न देवळात दहा माणसांत लागायचं आणि पोरगी दुसऱ्या दिवशी गाडीत बसायची.

यात काही वावगं आहे हे पेठेत कुणाच्या ध्यानात आलं नाही किंवा आलं तरी कुणी बोललं नाही. केसरबाईच्या ध्यानात आलं ते तिच्या धंद्यामुळं. पहिलटकरीण पोरगी आईकडं येते. पंचमीला नाही आली, दिवाळीला नाही आली, तरी पहिल्या बाळंतपणाला येतेच. सोमलिंगानं दिलेल्या पोरी येत नव्हत्या. दोन वर्षांत तिच्या हातावर झालेल्या चार पोरी गेल्या आणि चौघींपैकी एकीच्याही आईनं तिला बोलावणं धाडलं नाही. तिनं एकीला विचारलं, तुझी लेक कधी यायची? आई म्हणाली, लांब पडतं. पत्र येतं का? आईनं मान वळवली.

केसरबाई पेठेतल्या गुरुसिद्धप्पांकडं गेली. किराण्याचं दुकान, देवळाचे पंच, शब्दाला वजन असलेला माणूस. ती दुकानाच्या पायरीखाली उभी राहून म्हणाली, “आप्पा, ह्या पोरी कुटं जात्यात ते एकदा कुणीतरी बघून याया पायजे.”

गुरुसिद्धप्पांनी तराजूतली डाळ पुडीत ओतली, दोरा गुंडाळला. मग म्हणाले, “केसरबाई, पोर जगात आणायचं काम तुझं. ती कुठं द्यायची ते आम्ही बघू.”

“बगताय कुटं, आप्पा? द्यायलाच लागलाय निस्तं.”

त्या दिवसापासून त्या घरचं बोलावणं बंद झालं.

पंच्याहत्तर सालच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, केसरबाई भावाला भेटायला केमला निघाली होती. पॅसेंजरमध्ये बसली आणि समोरच्या बाकावर दाक्षी दिसली. अंगावर जरीकाठी लुगडं, ते सारखं खांद्यावरून घसरत होतं. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. शेजारी चाळिशीचा एक माणूस आणि पान खाणारी एक बाई.

“मावशी!” दाक्षी खुशीत ओरडली. “माजं लगीन झालं. ही माजी नणंद हाय.”

“कवा झालं?”

“काल की.”

“आन गाव कुटलं तुजं?”

दाक्षीनं बाईकडं बघितलं. बाई हिंदीत म्हणाली, बहुत दूर है. केसरबाईनं परत विचारलं, गावाला नाव असंल की. बाईनं एक नाव सांगितलं. त्याच वेळी माणसानं दुसरंच सांगितलं. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दाक्षी मात्र खिडकीतून बघत होती, तिनं आजवर रेल्वे आतून पाहिली नव्हती.

मोहोळ गेलं, माढा गेलं. केसरबाई मनाशीच बोलत होती. आपण कोण? सुईण. पोर आईबापानं दिलेली. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते. गाडी थांबल्याबरोबर केसरबाई उठली, डब्याच्या दारात पाय बाहेर सोडून बसली आणि जीव खाऊन ओरडायला लागली, “पोरगी पळवून न्यायलेत! माज्या हातावरची पोरगी हाय! कुणीतर या रं!”

गर्दी जमली, हमाल आले, चहावाले आले, शेवटी पोलीस आला. चौघांना खाली उतरवलं. गाडी त्यांना सोडून गेली. दाक्षी रडत होती आणि केसरबाईवरच चिडली होती. “मावशी, तू असं का केलंस गं? त्यांनी आता मला टाकलं म्हंजे?”

चौकीत फौजदारानं विचारलं, “तू मुलीची कोण?”

“सुईण.”

“सुईण म्हणजे नातं काय?”

केसरबाईनं दाक्षीकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, “हिला चौदावं सरायचं हाय अजून, सायेब. हे येवढं लिवा.”

फौजदार बरा माणूस होता. त्यानं लिहून घेतलं. त्या माणसाच्या पिशवीत आणखी दोन मुलींचे फोटो निघाले, त्यांची लग्नंही त्याच माणसाशी लागलेली. तो तिघींचा नवरा होता आणि आधीच्या दोघी कुठं आहेत ते त्याला सांगता येईना. सोलापुरात सोमलिंगाला पकडलं. दाक्षीला मुलींच्या सरकारी वसतिगृहात ठेवलं. केसरबाईला वाटलं, सुटली.

दुसऱ्या दिवशी गुरप्पा पोलिसांकडं गेला आणि मुलगी एकोणीस वर्षांची आहे असं सांगून अंगठा उठवून आला.

आठवड्यानं मल्लव्वा केसरबाईच्या दारात आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच या वस्तीत पाऊल टाकत होती. खाली बसली, दिलेलं पाणीही प्याली.

“अक्का, तू मला मरणातनं काढलीस. आता येवढं कर. आटवत न्हाय म्हण.”

“मल्लव्वा, तुला कळतंय का तिला कुटं नेत हुते?”

“कळतंय.” मल्लव्वा खाली बघून म्हणाली. “आदी न्हवतं कळलं. आता कळलं. पण सोमलिंगनं पत्रे दिलेत घराला. धाकट्या दोगी हायत. हे तुरुंगात गेले तर त्या दोगींचं काय करू? एक गेली तर दोन ऱ्हातील, अक्का. तीनी गेल्या तर?”

केसरबाई म्हणाली, “मला खोटं आटवता येत न्हाय गं.”

मल्लव्वा उठून गेली.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. पोलिसांनी म्युन्सिपाल्टीचं दप्तर धुंडाळलं, दाक्षायणीची नोंद नव्हती. शाळेत नाव नव्हतं. डॉक्टरनं हाडांचे फोटो काढून सांगितलं, पंधरा ते सतरा, पण दोन वर्षं इकडं तिकडं होऊ शकतं. उरली केसरबाई. ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून कोर्टात उभी राहिली. सोमलिंगानं दिलेला वकील मोठा होता. आवाज मऊ, एकदाही चढवला नाही.

“बाई, आजपर्यंत किती बाळंतपणं केलीत?”

“मोजली न्हाईत, सायेब.”

“पाचशे?”

“जास्तीच असतील.”

“मग या मुलीच्या जन्माची तारीख सांगा बरं.”

“तारीख न्हाय येणार. दिवस सांगते. जेठाची अवस झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पुणं बुडल्याचं पेपरात आलं, तो दिवस.”

“पेपर तुम्ही वाचला?”

“भाईर वाचत हुते. मी आत हुते. माज्या हातात पोर हुती.”

“म्हणजे ऐकीव.” वकिलानं न्यायाधीशांकडं बघितलं. मग म्हणाला, “धरण फुटलं तेव्हा गुरप्पाला एक मुलगी झाली, हे आम्हाला मान्य आहे.”

केसरबाईला हायसं वाटलं.

“पण ती ही मुलगी नव्हे. ही तिच्या आधीची, थोरली. धरण फुटलं त्या वेळची मुलगी सहा महिन्यांत वारली.”

केसरबाईला आधी शब्द नीट लागलेच नाहीत. मग तिनं कठडा घट्ट धरला. “कोण वारली? ती बगा की बसलीया तितं!”

“कोर्टाला उद्देशून बोला, बाई.”

“ही पयली हाय, सायेब. हिच्या आदी त्या बाईला पोर झालं न्हवतं. मी तिची पयली खेप केली. पयली हाय का दुसरी, ते सुईणीच्या हाताला कळतं.”

कोर्टात हसू झालं. न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटलं.

गुरप्पाची साक्ष झाली. दाक्षीच्या पाठची लेक वारली, म्हणाला. मग मल्लव्वाला विचारलं. तिच्या डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. तुमची एक मुलगी लहानपणी वारली का? मल्लव्वानं मान हलवली. तोंडानं सांगा. “व्हय,” ती म्हणाली. केसरबाईला वाटलं होतं ती एकदा तरी वर बघेल.

शेवटी दाक्षीला विचारलं, वय काय? वसतिगृहात ती वाळली होती, केस बारीक कापलेले. तिनं बापाकडं बघितलं. “एकोणीस,” म्हणाली. एकोणीस म्हणजे अठराच्या आधी येतात की नंतर, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात निकाल लागला. वय शाबीत होत नाही, संशयाचा फायदा, सगळे सुटले. मुलगी बापाच्या ताब्यात. कोर्टाच्या आवारात सोमलिंगानं पेढे वाटले. केसरबाईसमोरही पुडा धरला आणि कानडी हेल काढून म्हणाला, “घ्या की, बाई. तुमची साक्ष लई चांगली झाली.”

गौरीगणपतीच्या आधी दाक्षी पेठेतून गेली. या वेळी लग्नाचं सोंगही केलं नाही. मामाकडं गेली, एवढंच सांगितलं. केसरबाई तीन दिवस स्टेशनावर जाऊन बसली होती, पण तिला एसटीनं नेलं होतं.

त्या पावसाळ्यात केसरबाई म्युन्सिपाल्टीत गेली. जन्ममृत्यूच्या खिडकीवर धोंडिराम नावाचा कारकून होता, तिच्याच समाजातला, नाइट हायस्कूल करून लागलेला. ती म्हणाली, “पोर झालं की मी येऊन सांगितलं तर लिवशील का रं?”

धोंडिराम म्हणाला, “मावशी, लिहिणार का म्हणजे? कायद्यानं सुईणीनं कळवायचंच असतं. पाच-सहा वर्षं झाली तो कायदा येऊन.”

“मग आमाला कुणी सांगितलं न्हाय ते?”

धोंडिरामनं नोंदीचं पुस्तक पुढं ओढलं.

तेव्हापासून ती प्रत्येक बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी खिडकीवर उभी राहायला लागली. मुलग्यांची नोंद करायची, पण मुलींची हटकून. दाखल्याची चिठ्ठी आईच्या हातात द्यायची आणि सांगायची, ही पेटीत ठेव, लुगड्याखाली, नवऱ्याला दावू नको. विहारात रविवारी बाया जमायच्या, तिथं ती उठून बोलायला लागली. आधी वस्तीतल्या चार बाया तिच्याबरोबर यायला लागल्या, मग कांड्या भरणाऱ्या, मग विड्या वळणाऱ्या. घरोघर जाऊन विचारायचं, पोरगी कुठं दिली, गाव कुठलं, नवऱ्याचं नाव काय, पत्र आलं का. ज्या घरातून उत्तर यायचं नाही त्या घराचं नाव धोंडिराम कागदावर उतरवायचा. अकरा पोरींची नावं झाली. तो कागद घेऊन सतरा बाया कलेक्टर कचेरीत गेल्या. दिवसभर व्हरांड्यात बसल्या. संध्याकाळी एका साहेबानं कागद घेतला, वाचला, पोच दिली. त्या कागदाचं पुढं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

एक लग्न मात्र त्यांनी मोडलं. मल्लप्पा नावाच्या विणकराची अकरा वर्षांची पोर. सतरा बायांपैकी नऊजणी देवळाच्या दारात बसल्या, पोलीस येईपर्यंत हलल्या नाहीत. पोर वाचली. पण मल्लप्पानं साऱ्या पेठेत बोभाटा केला की केसरबाई घरात आली की कागद येतो आणि कागदामागनं पोलीस येतो. सासवा सुनांना सांगायला लागल्या, दवाखान्यात जा, नाहीतर दुसरी सुईण बघा, पण ती नको. कोनाड्यातले कप घराघरांतून फेकून दिले गेले. सोमलिंग त्या साली देवळाच्या जीर्णोद्धाराच्या समितीवर आला. गुरुसिद्धप्पांनी त्याला हार घातला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चात मल्लव्वा दुसऱ्यांदा केसरबाईच्या दारात आली. गुरप्पा दोन महिन्यांपूर्वी छातीच्या दुखण्यानं वारला होता. मल्लव्वाचं कपाळ मोकळं.

“अक्का, चौकीत चल माज्याबरोबर. दाक्षीला हुडकाया सांगू. मी खरं सांगते आता.”

दोघी चौकीत गेल्या. मल्लव्वानं सगळं सांगितलं. मुलगी सोळा वर्षांची आहे, सतरावं पुरं व्हायचंय, मी कोर्टात खोटं बोलले. इथला फौजदार नवा होता. त्यानं जुने कागद मागवले, दोघींना तीन तास बाकावर बसवलं. मग बोलावलं.

“कोणती मुलगी हरवली म्हणता? इथं तर लिहिलंय, धरण फुटलं तेव्हाची मुलगी लहानपणीच मेली. तुम्हीच सांगितलंय, शपथेवर.”

“ती मेली न्हाई, सायेब. ती दाक्षी.”

“दाक्षायणी एकोणीसची होती. म्हणजे आता बावीस. सज्ञान बाई आपल्या मर्जीनं कुठंही जाईल. आणि मेलेली मुलगी मी कुठं शोधू?” त्यानं कागद बांधले. “खोटी साक्ष दिली हे लिहून घेऊ का? मग आधी तुम्हालाच आत टाकावं लागेल.”

केसरबाई म्हणाली, “लिवून घ्या. ही जाईल आत. पण पोरीला हुडका.”

मल्लव्वानं तिचा दंड धरला. घरी धाकट्या दोघी होत्या. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि दोघी बाहेर आल्या.

ऊन रणरणत होतं. दोघी पेठेच्या वळणापर्यंत चालत आल्या. तिथं मल्लव्वा थांबली.

“अक्का, एक बोलू? तू त्या दिवशी गाडीत गप बसली असतीस, तर ती त्या माणसाबरोबर गेली असती. त्याचं तोंड तरी आमी बगितलं हुतं. कुणाला तरी विचारता आलं असतं. तुज्यामुळं त्यांनी दुसऱ्यांदा अशी नेली की मागमूस न्हाय.”

हे केसरबाईच्याही मनात कितीदा येऊन गेलं होतं आणि मल्लव्वा म्हणते ते खोटं आहे असं तिला म्हणता येत नव्हतं. ती म्हणाली, “धाकट्या दोगींची वयं मी धोंडिरामला सांगून ठिवते. उशिरा नोंद करता येती म्हणतो. अर्ज करावा लागतो.”

“नगं,” मल्लव्वा म्हणाली. “त्यांचं बगती मी माजं मी.” आणि ती गल्लीत शिरली.

केसरबाई तरीही दुसऱ्या दिवशी खिडकीवर गेली. धोंडिरामनं सांगितलं, उशिराच्या नोंदीला आईबापाची सही लागते, नाहीतर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. तिनं दोघींचे दिवस त्याला सांगितले, एक चैत्रातली, एक भोगीच्या सकाळची. त्यानं ते आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. सरकारी पुस्तकात नाही.

त्या साली केसरबाईच्या हातावर नऊ पोरं झाली, सगळी तिच्याच वस्तीतली. पेठेतून एकही बोलावणं आलं नाही. उरलेल्या वेळात ती विड्यांच्या कारखान्यात पानं कापायला जायची आणि रस्त्यानं जाताना परकर-पोलक्यातली एखादी पोर दिसली की थांबून तिचं वय मनात मोजायची. पोरींच्या आया तिला बघून पोरींना घरात घ्यायच्या.